लेकरांची पोटगी आणि कलम २(२)

आईबापांची मुलांप्रती कायदेशीर जबाबदारी म्हटली की बहुतेक लेख १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यापासून सुरू होतात. त्याच्या कलम २०प्रमाणे अज्ञान मुलांचे पोषण आई आणि वडील दोघांवरही बंधनकारक आहे. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर ती सज्ञान झाल्यावरही. भद्रावतीत बसून हे वाचताना मला मात्र आधी कलम २(२) दिसते. केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे आपल्याकडची गोंड, माडिया, कोलाम कुटुंबे त्याच्या बाहेर.

मग त्या लेकरांना आधार फौजदारी संहितेचा. जुने कलम १२५, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. ते धर्म विचारत नाही, जमातही नाही. औरस-अनौरस हा भेदही करत नाही. त्यामुळे 'आमचे लग्न रीतीप्रमाणे लागले, नोंद कुठे आहे?' हा बचाव मुलाच्या पोटगीपुढे टिकत नाही. पितृत्व तेवढे सिद्ध व्हावे लागते.

अडचण अठराव्या वर्षी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये 'अभिलाषा' खटल्यात सांगितले की धडधाकट सज्ञान मुलीला कलम १२५ पुरत नाही. तिने कलम २०खाली मागावे. चंद्रपूरला कॉलेजात जाणारी कुणब्याची मुलगी तसे मागू शकते. तिच्याच बाकावरची गोंडाची मुलगी मागायला गेली, तर तिला रूढीचा पुरावा शोधावा लागतो. जमातींच्या रूढींचा मान राखायला केलेली ही तरतूद; पण भार पडतो तो पोरीवर. मला हे पटत नाही.

बापाची कमाई हा दुसरा घोळ. खाणीतल्या कायम कामगाराची पगारचिठ्ठी मिळते, कंत्राटी मजुराची नाही. पण अंगमेहनत करू शकणाऱ्याने कमावून पोसलेच पाहिजे, असे 'अंजू गर्ग' निकालात (२०२२) स्पष्ट आहे. नागपूरहून गेलेल्या 'रजनीश विरुद्ध नेहा' खटल्यात (२०२०) दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे शपथपत्र देणे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळणे ठरले.

स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जमातींना विधी सेवा समितीचा वकील उत्पन्न न पाहता फुकट मिळतो. एक गोष्ट मी प्रत्येक आईला बजावतो : थकलेल्या रकमेसाठी वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत द्यावा लागतो. बाप तुरुंगात जाऊन आला तरी थकबाकी फिटत नाही.