गाडी एका बाजूला का ओढते?

उन्हाळी सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आमची जुनी पिकअप उजवीकडे ओढत होती. रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे गाडी जराशी डावीकडे गेली तर नवल नाही. ही मात्र उलटीच! बाबा रात्री भाजी घेऊन माळशेज घाटातून कल्याणला जातात. दोनदा अलाइनमेंट करूनही फरक नव्हता.

बाबांबरोबर मी आधी टायरमधली हवा पाहिली. मग पुढचे दोन टायर अदलाबदल केले. ओढ डावीकडे गेली असती, तर दोष टायरचा. ती तशीच राहिली. पुढचे चाक जॅकने उचलून खाली स्टँड लावला. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला असतो. आडवे धरून जाणवला, तर बहुधा टाय रॉड एन्ड. इथे सगळे घट्ट होते.

मग टेप काढली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर डावीकडे सुमारे २ सेंटिमीटर जास्त भरले! मागच्या डाव्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल त्या बाजूने मागे सरकला होता. मागची चाके तिरकी झाल्याने गाडीची शेपूट डावीकडे जाई आणि तोंड उजवीकडे वळे. पुढची चाके कितीही जुळवली तरी उपयोग काय?

मेस्त्रींनी सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे टाकले, त्यानंतर अलाइनमेंट केले. दुसऱ्या दिवशी कल्याणहून परतल्यावर बाबा म्हणाले, “आज खांदा दुखला नाही रे.”