धरणाखालचा खडक

कनेरगाव नाक्याजवळून वाहणारी पैनगंगा पुढे इसापूरला अडवली आहे. 1982 साली पूर्ण झालेले हे मातीचे धरण 57 मीटर उंच आणि चार किलोमीटरांहून लांब आहे. हा सारा मुलूख बेसाल्टचा. काळा पाषाण दिसतो अभेद्य, पण पाणी त्याच्या सांध्यांतून वाट काढते. दोन लाव्हाथरांमधला तांबडा बोल, म्हणजे मातकट थर, तर आणखी फसवा, भिजला की मऊ पडतो. म्हणून धरणाच्या जागी आधी वेधछिद्रे घेऊन, त्यांत दाबाने पाणी सोडून गळती मोजतात. 10 बार दाबाला मीटरमागे मिनिटाला 1 लिटर पाणी मुरले, तर तो 1 ल्युजॉन. मग माती-मुरूम उकरून पक्क्या खडकापर्यंत खंदक खणायचा आणि चिकणमातीने ठासून भरायचा. सांधे फार असतील तर त्यांत सिमेंट दाबून भरायचे, म्हणजेच ग्राउटिंग. काळी माती पाणी उत्तम अडवते, पण वाळली की भेगाळते; म्हणून ती गाभ्यात घालून वरून मुरमाचे कवच देतात. थोडा पाझर राहतोच, तो गाळणथरातून बाहेर काढतात. पाझर स्वच्छ असेल तर त्याची नियमित मोजणी पुरते. गढूळ झाला, तर आतली माती वाहून जात आहे. तेव्हा एक दिवसही न थांबता धरणावरच्या अधिकाऱ्यांना कळवावे.