घरची पिकअप: इंजिन किती मोठे असावे?

तुर्भ्याच्या दाणाबंदरात सकाळी फेरफटका मारला तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. गोदामांच्या दारांशी उभ्या असलेल्या लहान मालवाहू गाड्यांत भाड्याच्या गाड्या पुष्कळ असतात, तशाच दुकानमालकांच्या स्वतःच्या गाड्याही असतात. माथाडी कामगार हौद्यात गोण्या रचत असतो आणि शेजारी कुटुंबातलाच कोणी तरुण हातात बिल घेऊन त्या मोजत असतो. हीच गाडी दुपारी कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळच्या दुकानांत माल पोहोचवते, संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी घरी परतते आणि सुटीच्या दिवशी मंदिराच्या पूजा-महोत्सवाचे सामान वाहते. पेढी आणि घर या दोहोंची मिळून ती एक गाडी असते. म्हणूनच ती घेताना घरात जेवढी चर्चा होते, तेवढी नव्या दुकानाच्या वेळीही होत नसावी. धाकट्या पिढीला दणकट, मोठ्या इंजिनाची गाडी हवी असते, वडीलधाऱ्यांचे लक्ष हप्त्याकडे असते आणि घरातल्या काकांचा प्रश्न ठरलेला असतो: “सीसी किती?”

हा प्रश्न गैर नाही, पण तो पहिला नव्हे.

मुंबईचा घाऊक बाजार खाडीपलीकडे आला तो टप्प्याटप्प्याने. 1981 मध्ये कांदा-बटाटा बाजार आला, 1996 मध्ये फळे व भाजीपाला आला आणि मधल्या काळात मसाला व धान्य बाजारांनीही स्थलांतर केले. मशीद बंदरच्या अरुंद गल्ल्यांत हातगाडीवर निभावणारा व्यवहार नवी मुंबईच्या रुंद रस्त्यांवर आला, तेव्हा तिचाकी टेम्पो आणि मोठा ट्रक यांच्यामधली जागा रिकामी होती. ती 2005 मध्ये टाटा एसने भरून काढली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूने घडवलेल्या या गाडीचे इंजिन इंडिका मोटारीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला निम्मे करून बनवलेले होते. 702 सीसी, दोन सिलिंडर आणि अवघी 16 अश्वशक्ती. त्या काळी अनेकांनी नाके मुरडली. पाऊण टन माल घेऊन हे खेळणे वाशीचा उड्डाणपूल तरी चढेल का, अशी थट्टा झाली. पुढे लोकांनीच तिला ‘छोटा हाथी’ म्हटले, यातच काय ते आले.

सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांचे एकूण घनफळ. त्यातून किती शक्ती निघेल हे इंजिनाच्या रचनेवर, टर्बोवर आणि इंधन आत सोडण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. याचे बोलके उदाहरण इसुझू व्ही-क्रॉसचे आहे. 2016 मध्ये ही दुहेरी केबिनची पिकअप भारतात आली तेव्हा तिचे इंजिन अडीच लिटरचे आणि 134 अश्वशक्तीचे होते. 2019 मध्ये तिला 1.9 लिटरचे इंजिन मिळाले. आकार घटला, शक्ती मात्र 150 वर गेली.

मालवाहू गाडीत अश्वशक्तीपेक्षाही टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा पीळ, महत्त्वाचा असतो. महिंद्रा बोलेरो पिकअपचे 2523 सीसीचे इंजिन 75 अश्वशक्तीचे आहे; टाटा इंट्रा व्ही-30 चे 1496 सीसीचे इंजिन बाजारात आले तेव्हा 70 अश्वशक्तीचे होते. कागदावर फरक पाचाचाच दिसतो. पण पहिल्याचा टॉर्क सुमारे 200 न्यूटन-मीटर आणि दुसऱ्याचा 140. भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलावी लागते, तेव्हा हा फरक चालकाच्या पायाला आणि क्लच-प्लेटला कळतो. मग मोठे इंजिनच बरे, असे लगेच म्हणू नये. तो चढ आपल्या वाटेवर रोज येतो का, हे आधी पाहायला हवे.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. गाडी आणि माल मिळून अडीच टन वजन आहे असे धरू. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने ते न्यायला चाकांपाशी जेमतेम आठ-नऊ अश्वशक्ती पुरते. शंभर फुटांत पाच फूट चढणाऱ्या घाटात ताशी 30 च्या वेगाने न्यायचे तर अठरा-वीस लागते. तोच घाट ताशी 60 ने चढायचा असेल तर मात्र चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे शक्तीची भूक केवळ वजनाने नव्हे, तर चढ आणि घाई एकत्र आल्याने वाढते. नवी मुंबईचा व्यापारी पट्टा बहुतांशी सपाट आहे. ठाणे-बेलापूर रस्ता, पाम बीच मार्ग, नोडांतले अंतर्गत रस्ते, यांवर चढ म्हणजे उड्डाणपूल, आणि तेथे वाहतूककोंडीत वेग असतोच किती? दाणाबंदरातून 50 किलोच्या बारा-चौदा गोण्या घेऊन पाच-सात दुकाने फिरणाऱ्या कुटुंबाला लहान इंजिन कमी पडत नाही.

आठवड्यातून दोनदा पुण्याला माल न्यायचा असेल, तर गोष्ट वेगळी. खोपोलीहून खंडाळ्याकडे भरल्या गाडीने चढताना लहान इंजिन सतत खालच्या गिअरमध्ये ताणून चालवावे लागते. ते तापते, इंधन पिते, लवकर झिजते, आणि मागे वाहनांची रांग लागून चालकाचा धीर सुटतो तो निराळाच. तेथे मोठ्या टॉर्कचे इंजिन ही चैन ठरत नाही. परंतु बहुतेक घरांत मोठ्या इंजिनाची बाजू मांडताना पुण्याची फेरी सांगितली जात नाही, तर वर्षातून एकदा कुंभोजला किंवा कसारा घाटमार्गे मांगीतुंगीला जाण्याचे कारण पुढे येते. वर्षातल्या तीन दिवसांसाठी उरलेले तीनशे दिवस जादा हप्ता आणि जादा इंधन सोसणे, हा हिशेब वहीत मांडला तर कोणत्याही व्यापाऱ्याला पटणार नाही. त्या तीन दिवसांसाठी वेगळी गाडी भाड्याने घ्यावी.

शिवाय यात्रेला माणसे हौद्यात बसवून नेण्याचा विचारही नको. मालवाहू गाडीच्या हौद्यात प्रवासी नेणे बेकायदा आहे. विम्याची बाजूही ध्यानात घ्यावी: मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत गाडीत असेल तर त्याला कायद्याचे संरक्षण आहे, फुकट बसवलेल्या इतर प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्याच आप्तांच्या बाबतीत असा प्रसंग आला तर काय, याचा विचार गाडी घेण्यापूर्वीच व्हावा.

आता भाराविषयी. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. बैलावर, घोड्यावर किंवा मजुरावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे लादणे, असा त्याचा मूळ अर्थ. इंजिनाला वेदना होत नाहीत, हे खरे. पण टनाच्या गाडीत दीड टन भरला की ब्रेकवरचा ताण वाढतो, थांबायला लागणारे अंतर वाढते, टायर तापतो, आणि त्याचे परिणाम चालकाला व रस्ता ओलांडणाऱ्याला भोगावे लागतात. मोठ्या इंजिनाचा मोह येथे विशेष घातक ठरतो. इंजिन ओढते म्हणून गोण्या वाढतात. ब्रेक, स्प्रिंगपट्टे आणि टायर मात्र तेवढेच राहतात. गाडीची क्षमता इंजिन ठरवत नाही, आर.सी. वर नोंदलेले एकूण वजन ठरवते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन, चालक, मदतनीस आणि वरून बसवलेली जाळी वा ताडपत्रीची चौकट वजा करून जे उरते, तेवढाच माल. कायदाही येथे कडक आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा भारासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी 2,000 रुपये दंड आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. एकूण वजन 3,000 किलोंपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवानाच लागत नाही. ती मर्यादा ओलांडण्यापूर्वी परवान्याचा खर्च आणि धावपळही हिशेबात धरावी.

इंधनाचा प्रश्न इंजिनाशी जोडलेलाच आहे. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकीचे वजन मालाच्या वाट्यातून जाते. मारुती सुपर कॅरीत पेट्रोलवर 740 किलो माल नेता येतो, सीएनजीवर 625. दोन-अडीच गोण्यांचा हा फरक रोजचा आहे. बीएस-6 च्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा गाळक असतो. तो साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून सलग आणि वेगाने धावावी लागते. दुकानादुकानाशी थांबणाऱ्या गाडीला ते जमत नाही आणि मग दुरुस्तीशाळेच्या फेऱ्या सुरू होतात. ठरलेल्या छोट्या वाटेसाठी विजेची गाडीही विचारात घेण्याजोगी आहे. तेथे सीसीचा प्रश्नच मिटतो.

सीसीचे वेड आपल्याकडे आले कोठून? बरेचसे मोटारीच्या करातून. सप्टेंबर 2025 पासून 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल छोट्या मोटारींना 18 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांना 40. मालवाहू गाडीला हा भेद लागू नाही; तिला सरसकट 18 टक्के, आणि पेढीच्या नावे बिल असेल तर त्या कराचे क्रेडिटही मिळते. तेव्हा कराच्या भीतीने लहान किंवा क्रेडिटच्या लोभाने मोठे इंजिन घेण्याचे कारण नाही.

मोठ्या गाडीची आणखी एक बाजू घरात सहसा बोलली जात नाही. हप्ता जड झाला की परतीच्या फेरीत भाड्याचा माल घेण्याची पाळी येते. भाडीकम्म, म्हणजे वाहने भाड्याने देऊन उपजीविका करणे, हे श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत गणलेले आहे. आजच्या काळात त्याचा अर्थ कोणी किती कडक घ्यावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण भाड्याने घेतलेल्या खोक्यांत काय असेल हे आपल्या हाती राहत नाही. आज साबण असेल, उद्या अंडी वा मद्य. स्वतःच्या मालापुरती गाडी घेतली तर ही अडचण उद्भवत नाही.

निवड दोन-तीन गाड्यांवर येऊन ठेपली की शोरूममध्ये रिकाम्या गाडीची चक्कर मारून येण्यात अर्थ नाही. विक्रेत्याकडे भरलेल्या गाडीची चाचणी मागावी. आपल्या नेहमीच्या मालाच्या गोण्या भराव्यात, धर्मकाट्यावर वजन करून घ्यावे आणि जो चालक रोज ती गाडी चालवणार आहे त्यालाच बसवावे. मग उड्डाणपुलाच्या चढावर, कोंडीत थांबून, ती दुसऱ्या गिअरमध्ये कशी उचलते हे पाहावे. चालकाचे मत त्याच दिवशी, घरी परतण्याआधी विचारावे.