पाच राजे, बॉल एकच

क्रिकेटची फँटसी टीम आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी लावली असेल. गेल्या वर्षी आम्ही हॉस्टेलवरच्या आठ जणांनी चक्क एनबीएची फँटसी लीग सुरू केली. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची असं ठरलं. मिसळ मी दिली! का दिली, हे कळायला पूर्ण सीझन जावा लागला.

आधी नियम. आपण खरे खेळाडू निवडायचे आणि त्यांच्या खऱ्या मॅचमधले आकडे आपल्या खात्यात जमा होतात. एकूण नऊ कॅटेगरी: पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री-पॉइंटर, फील्ड गोलची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर (हे जितके कमी तितके चांगले). दर आठवड्याला एकाशी सामना. नऊपैकी पाच जिंकल्या की काम झालं. मी मात्र फक्त पॉइंट्स बघून खेळाडू उचलले. त्यामुळे पॉइंट्समध्ये मी राजा आणि बाकी सगळीकडे भोपळा!

पहिली चूक म्हणजे शॉट हे मर्यादित असतात हे विसरणं. १९५४ साली एनबीएने २४ सेकंदांचा शॉट क्लॉक आणला, त्यामागचं गणित मजेशीर आहे. चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट होतात, असं डॅनी बायसोन यांच्या लक्षात आलं. ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद. भागिले १२०, उत्तर २४. आज शॉट वाढलेत, पण बॉल एकच आहे. म्हणून स्टार खेळाडू दुसऱ्या स्टारच्या टीममध्ये गेला की त्याचे जुने आकडे विसरायचे. ख्रिस बॉश टोरांटोत २००९-१० मध्ये सरासरी २४ पॉइंट्स करायचा. लेब्रॉन आणि वेडबरोबर मायामीत आल्यावर पुढच्याच सीझनला तो १८.७ वर आला. मी असाच एक खेळाडू जुनी सरासरी बघून घेतला होता.

दुसरी चूक टक्केवारीची. ही साधी सरासरी नसते, जो जास्त शॉट मारतो त्याचं वजन जास्त. समजा, तुमचे बाकीचे खेळाडू मिळून २० फ्री थ्रो मारतात आणि १६ घालतात, म्हणजे ८० टक्के. त्यात एकच जण १० मारून ५ घालणारा आला, तर ३० पैकी २१, म्हणजे ७० टक्के. एका माणसाने अख्खी टीम दहा टक्के खाली आणली! शिवाय बॉल जास्त वेळ हातात, म्हणजे टर्नओव्हरही जास्त.

मग उपाय काय? दोन-तीन स्कोअरर पुरे. बाकीचे असे घ्या, ज्यांना शॉट लागतच नाहीत. डेट्रॉइटचा बेन वॉलेस २००३-०४ मध्ये जेमतेम ९.५ पॉइंट्स करायचा, पण रिबाउंड १२.४ आणि ब्लॉक ३! फ्री थ्रोमध्ये तो कच्चा होता, पण तो फार मारायचाही नाही, म्हणून नुकसान कमी.

गंमत म्हणजे खऱ्या कोर्टवरही हेच घडलं. त्याच सीझनला लेकर्सकडे शॅक, कोबी, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन असे चार दिग्गज होते. आदल्या वर्षी वीसच्या वर सरासरी असलेले मलोन आणि पेटन १३.२ आणि १४.६ वर आले. फायनलला मलोनचा गुडघा दुखावलेला होता हे खरं, पण ज्यांच्याकडे वीसची सरासरी असलेला एकही खेळाडू नव्हता त्या डेट्रॉइटने त्यांना ४-१ असं हरवलं.

हे लिहिताना मला आमचा मिनी प्रोजेक्टचा ग्रुप आठवला. चार हुशार पोरं, चौघांनाही कोडिंगच करायचं होतं. रिपोर्ट कोणीच लिहिला नाही आणि व्हायवाला सगळ्यांची दांडी उडाली. या वर्षी ग्रुप करताना मी आधी विचारलं, "रिबाउंड कोण घेणार?" सगळे हसले. मग मीच हात वर केला.