मर्यादा ओळखून बलसंवर्धन : भिवंडीच्या श्रमिकांसाठी व्यायामाचा विचार

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर म्हणून देशभर परिचित आहे. अलीकडच्या काळात शहराभोवतीच्या गावांतून गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि विणकामाच्या जोडीला मालाची चढउतार हा दुसरा मोठा रोजगार येथे निर्माण झाला. या दोन्ही व्यवसायांत माणसाचे शरीर हेच मुख्य भांडवल होय. मागावरचा कारागीर बहुधा बारा तासांच्या पाळीत उभा असतो आणि त्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. पाठ धरली किंवा गुडघा सुजला, तर त्या दिवसाची कमाई बुडते. साहजिकच अशा माणसाला व्यायामाचा सल्ला देताना दुहेरी जबाबदारी येते. व्यायामाने त्याची शक्ती वाढली पाहिजे आणि त्या व्यायामापायी त्याचा एकही रोज बुडता कामा नये.

ही जबाबदारी पार पाडण्याचा मार्ग एकच आहे. ठरावीक व्यायाम माणसावर लादण्याऐवजी माणसाच्या मर्यादेप्रमाणे व्यायामाचे रूप बदलावयाचे. मर्यादा दुखण्याची असेल, वयाची असेल, अपंगत्वाची असेल किंवा वेळेची व जागेची असेल; तत्त्व सर्वत्र तेच राहते.

कष्ट आणि व्यायाम

‘दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण कष्ट आणि व्यायाम यांत महत्त्वाचे अंतर आहे. मागावर तुटलेला धागा जोडणे, धोट्यातील कांडी बदलणे, पुढे वाकून कापडावर नजर ठेवणे या हालचाली शेकडो वेळा एकाच पद्धतीने होतात. त्यामुळे काही स्नायू अतिश्रमाने थकतात, तर पाठीच्या वरच्या भागाचे व नितंबांचे स्नायू पुरेसे वापरले न गेल्याने दुर्बळ राहतात. हमालाच्या बाबतीत ओझ्याचे वजन आणि खेपांची संख्या त्याच्या इच्छेवर नसते. व्यायामात भार मोजून घेतला जातो, मध्ये विश्रांती असते आणि शरीर सरावले की भार थोडा वाढविला जातो. शक्ती वाढते ती या क्रमानेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे म्हटले आहे. वृद्धांसाठी तोल सांभाळण्याच्या व बळ वाढविण्याच्या व्यायामाचे तीन दिवस सुचविले आहेत. दिव्यांग व्यक्ती आणि जुनाट आजार असलेल्या व्यक्ती यांनाही या सूचनांत स्थान आहे.

अनुभवाचा आधार

मर्यादेप्रमाणे व्यायाम ठरविण्याची दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. तालमीत नव्याने आलेल्या मुलाचा वकूब पाहूनच वस्ताद त्याला जोर-बैठकांची संख्या नेमून देत आणि ती हळूहळू वाढवीत.

याच दृष्टीला शास्त्रीय मोजमाप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. अमेरिकेतील लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डिलॉर्म हे गुडघ्याला दुखापत झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. एखादा सैनिक जे वजन जेमतेम दहा वेळा उचलू शकेल, ते त्याचे माप मानावयाचे, ही त्यांची पद्धत. पुढे तिला असे रूप आले की, पहिल्या फेरीत त्या मापाचे निम्मे, दुसऱ्या फेरीत पाऊण आणि तिसऱ्या फेरीत पूर्ण वजन द्यावयाचे. शक्ती वाढली की माप नव्याने घेतले जाई. तुलना शेजारच्या सैनिकाशी नसून रुग्णाच्या स्वतःच्या कालच्या शक्तीशी होती.

सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात ते गंभीर जखमी झाले व मुष्टियुद्ध सुटले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहणे सुरू केले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धांतील ते भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. २०१८ साली त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांना मल्लखांब शिकविला. डोळ्यांनी पाहून शिकण्याऐवजी स्पर्शाने आणि शब्दाने शिकण्याची वाट त्यात आहे. देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली.

प्रारंभिक क्रम

नवशिक्यासाठी पाच मूलभूत हालचाली पुरेशा आहेत. त्यांना महागड्या साधनांची गरज नाही. मागवाल्यांच्या दाटीच्या खोलीतही त्या करता येतात.

१. उठणे-बसणे. पूर्ण बैठक जमत नसेल किंवा गुडघा दुखत असेल, तर खुर्चीवरून किंवा बाकावरून उठावे व सावकाश बसावे. तेही जड गेल्यास बैठक उंच करावी. उभे राहणेच अशक्य असेल, तर पाय पसरून बसावे, गुडघ्याखाली गुंडाळलेला पंचा ठेवून तो गुडघ्याने पाच सेकंद दाबावा व सोडावा.

२. ढकलणे. हात-पाय टेकून केलेल्या साध्या जोरात शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो. गुडघे टेकल्यास तो निम्म्याहून थोडा अधिक राहतो आणि भिंतीला हात लावून उभ्याने केल्यास फारच कमी होतो. म्हणून भिंत, मग ओटा, मग बाक आणि शेवटी जमीन असा क्रम ठेवावा. मनगट दुखत असल्यास मूठ वळून ती टेकावी.

३. ओढणे. पुढे वाकून काम करणाऱ्या कारागिराला ही हालचाल सर्वांत उपयोगी आहे. पक्क्या खांबाला मजबूत पंचा अडकवून दोन्ही टोके धरावीत, किंचित मागे झुकावे आणि कोपर मागे घेत छाती खांबाकडे आणावी. पाय खांबाच्या जितके जवळ, तितका भार अधिक.

४. कमरेतून वाकणे. पाठीला काठी अशी धरावी की ती डोके, पाठ व माकडहाड या तिन्हींना लागलेली राहील. मग गुडघे किंचित वाकवून नितंब मागे न्यावेत. ओझे कसे उचलावे याचे हे शिक्षणच आहे. पाठ दुखत असल्यास उताणे निजून, गुडघे दुमडून कंबर वर उचलावी.

५. भार घेऊन चालणे. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या बादल्या किंवा पिशव्या घेऊन ताठ चालावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने भार मोजणे सोपे जाते. जो दिवसभर गोदामात ओझी वाहतो, त्याने मात्र ही हालचाल वगळावी व तो वेळ ओढण्याच्या व्यायामास द्यावा. काय वगळावे हे ठरविणे हादेखील आखणीचाच भाग आहे.

प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा करावी. आणखी दोन-तीन वेळा सहज जमेल अशा टप्प्यावर थांबावे. पहिले दोन आठवडे एकच फेरी करावी, पुढे दोन कराव्यात. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, वीस ते पंचवीस मिनिटे एवढे सुरुवातीस पुरे. आधी संख्या वाढवावी, नंतर भार. पहिल्या काही आठवड्यांत शक्ती वाढल्यासारखी वाटते, ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंचा उपयोग अधिक चांगला करू लागल्यामुळे. स्नायू भरण्यास काही महिने लागतात. तेव्हा घाई करू नये.

दुखण्याची भाषा

स्नायूंचा सौम्य ठणका एक-दोन दिवस राहणे स्वाभाविक आहे. सांध्यात तीव्र कळ आली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आधीचे दुखणे वाढलेले आढळले, तर भार जास्त झाला असे समजावे. अशा वेळी व्यायाम सोडून देण्यापूर्वी चार गोष्टी बदलून पाहाव्यात : भार कमी करावा, हालचाल अर्ध्यावर थांबवावी, संख्या घटवावी किंवा तिचा सोपा पर्याय घ्यावा. मात्र छातीत दुखणे, विश्रांतीनेही न जाणारी धाप, चक्कर, पायात उतरणारी बधिरता किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये; जोर लावताना श्वास सोडावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम टाळावा व पायांच्या जखमांकडे लक्ष ठेवावे. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गर्भारपण यांत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

भिवंडीच्या परिस्थितीत आणखी काही गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. मागाच्या शेडमध्ये सुताची धूळ असते. तेथे जोराने श्वास घेत व्यायाम करणे योग्य नाही. रात्रपाळीवाल्याने झोप मोडून व्यायाम करू नये; झोप झाल्यावर, पाळीपूर्वी तो करावा. भिशीत जेवणाऱ्या कामगाराने जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत. भिशीच्या ताटात डाळ, उसळ, अंडी यांचे प्रमाण पुरेसे असेल, तर बळ वाढण्यास साहाय्य होते. रमजानच्या महिन्यात व्यायाम निम्म्यावर आणून तो रोजा सोडल्यानंतर करणे श्रेयस्कर. उन्हाळ्यात दुपारची वेळ टाळावी.

स्थानिक संस्थांचे कार्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून क्रीडा व मनोरंजनातील त्यांच्या सहभागासाठी स्वतंत्र तरतूद आहे. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला बसल्या जागी ढकलणे व ओढणे या दोन्ही हालचाली करता येतात. खुर्ची ढकलून तिचे खांदे आधीच श्रमलेले असतात, म्हणून तिच्या बाबतीत ओढण्यावर भर द्यावा. पण मैदानाच्या दाराशी उंबरठा असेल, तर हा सारा विचार कागदावरच राहतो. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करण्याची व्यवस्था राज्यात आहे. त्या निधीच्या नियोजनात उतार, आधाराचा कठडा, योग्य उंचीचा बाक अशा साध्या कामांचा विचार होण्यासारखा आहे.

गावोगावी खुल्या व्यायामशाळांची साधने बसविली जातात. त्यांच्याजवळ कोणत्या दुखण्यात कोणते साधन वापरू नये व त्याऐवजी काय करावे, याचा मराठी, हिंदी व उर्दू फलक लावल्यास त्यांचा उपयोग वाढेल. शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या तासाला अशक्त किंवा अपंग विद्यार्थ्याला कडेला बसवून ठेवण्याची रीत शिक्षकांनी सोडावी. इतर मुले जमिनीवर जोर काढीत असता त्याने भिंतीवर काढले, तरी तो वर्गाबरोबरच राहतो. आरोग्य केंद्रातील कर्मचारी व व्यायामाचे जाणकार यांनी महिन्यातून एकदा पाळी सुटण्याच्या वेळी मागवाल्यांच्या वस्तीत प्रात्यक्षिक दाखविल्यास त्याचा लाभ अनेकांना होईल.

कारागिराने पहिलवान व्हावे, अशी अपेक्षा येथे नाही. चाळिशीनंतरही त्याला ताठ उभे राहता यावे, धागा जोडताना पाठीत कळ येऊ नये आणि सुट्टीला गावी गेल्यावर नातवंडाला उचलून घेता यावे, एवढे साधले तरी आठवड्यातील ती पाऊण तासाची गुंतवणूक सार्थकी लागली, असे म्हणता येईल.