आठ लाखांची डिग्री सतरा लाखांना कशी पडते?

पेडणे (प्रतिनिधी) : बारावीचा निकाल लागला की पेडणे-डिचोलीतल्या घराघरांत एकच चर्चा, मुलाला बाहेर पाठवायचं का? बेळगाव, पुण्याच्या खासगी कॉलेजांची फी आपण विचारतो. पण खरा आकडा फीचा नसतो, हप्त्याचा असतो.

समजा, चार वर्षांच्या कोर्ससाठी दरवर्षी २ लाख, असं ८ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी घेतलं. शिकताना आणि नंतर वर्षभर बँका साधारणपणे हप्ता मागत नाहीत. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. सरळ व्याज धरलं तरी पाच वर्षांत २ लाख ८० हजार. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर १० लाख ८० हजार! ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १४,२७० रुपये आणि एकूण १७ लाखांच्या वर. पहिला पगार २५ हजार असेल तर निम्म्याहून जास्त बँकेतच गेला.

शिवाय साडेसात लाखांच्या पुढे बँका सहसा तारण मागतात. उत्पन्न थांबलं तरी हप्ता थांबत नाही, हे २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोलीतल्या ट्रकमालकांनी भोगलंय.

जवळ काय आहे? विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय आहे, साखळीतही सरकारी महाविद्यालय आहे. मयेच्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांचा डिप्लोमा केला की चांगल्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेजही सरकारीच. कर्ज लागलंच तर आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या व्याजमुक्त योजनेची चौकशी करा. तेच ८ लाख बिनव्याजी दहा वर्षांत फेडले तर हप्ता ६,६६७ रुपये पडतो.

महागडी डिग्री वाईटच असते असं नाही. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोर्सला मान्यता आहे का? गेल्या वर्षी पास झालेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि सर्वांत मोठा नव्हे, मधला पगार किती? आणि त्या पगारातून हप्ता जाऊन घरभाडं, जेवण भागेल का?

तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर कर्ज मुलाच्या नावावर असलं तरी फेडणार आई-बापच.