हळकुंडाचा आवाज

मोबाइल पुढे धरला आणि आबांची भाषाच बदलली. एक मिनिटापूर्वी कुकरच्या पिंपाजवळ उभे राहून ते सांगत होते, "आता शिजायली बग. वास आला का तुला?" रेकॉर्डिंग सुरू झालेलं दिसताच त्यांनी टोपी सारखी केली, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपल्या भागातील शेतकरी बांधव हळद पिकाची लागवड मोठ्या प्रमाणावर करीत असतात." शेतकरी बांधव! साठ वर्षं हळद लावणारा माणूस मला हळदीबद्दल असं सांगत होता, जणू ती दुसऱ्या कुणाच्या तरी रानात पिकते.

नरसीतली, मार्च महिन्यातली ही गोष्ट. पुण्यातल्या आमच्या कॉलेजचं रेडिओ केंद्र विद्यार्थी चालवायचे. सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येकानं येताना एक आवाज घेऊन यायचा, असं ठरलं होतं. कुणी होड्या ओढतानाच्या हाका आणणार होता, कुणी गुऱ्हाळ. मी हळद शिजवणं घेतलं. आमच्या हिंगोली जिल्ह्यात त्या दिवसांत पहाटेपासून वाफ निघत असते आणि शिजलेल्या हळदीचा मातकट, गोडसर वास रस्त्यापर्यंत येतो. वास मात्र रेडिओवरून जात नाही. तो ऐकवायचा कसा, एवढाच प्रश्न मी डोक्यात घेऊन आलो होतो. आबांच्या भाषेचा प्रश्न तिथे पोचल्यावर कळला.

ती भाषा कुठून आली ते मला माहीत होतं. आबांच्या उमेदीच्या काळात घरोघरी परभणी आकाशवाणी लागायची. मध्यम लहरींचा आवाज जमिनीला धरून लांबवर जातो; परभणीहून निघालेला आमच्या ओसरीवर सहज पोचायचा. शेतीच्या कार्यक्रमांनी त्या पिढीला बियाणं, खत, फवारणी शिकवली, आणि त्याबद्दल आबा अजून आदरानं बोलतात. पण एवढ्या मोठ्या मुलखाशी एकदम बोलायचं म्हणजे भाषा सगळ्यांना चालेल अशी घासूनपुसून घ्यावी लागते. ती ऐकता ऐकता आबांसारख्यांच्या मनात बसलं की रेडिओवर बोलायचं ते असंच. आपलं बोलणं ओसरीपुरतं.

आमचं केंद्र याच्या अगदी उलट टोकाचं. कॅम्पस रेडिओला शंभर वॉटपर्यंत ताकद वापरता येते आणि अँटेना फार तर तीस मीटर उंच. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये टेकडी किंवा मोठी इमारत आली की आवाज खरखरतो. त्यामुळे आमचं राज्य दहा किलोमीटरच्या आतबाहेर. तेही सहज मिळालेलं नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना केंद्र चालवण्याची परवानगी देण्याचं ठरलं, २००४ मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं आणि २००५ मध्ये पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर बोलू लागली. स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना दार उघडलं ते २००६ मध्ये. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी केंद्रं त्यानंतरची.

नियमांमधला मला सर्वांत आवडलेला नियम असा, की निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. हा नियम कागदावर सोपा दिसतो. दर दिवशी सहा तास भरायचे म्हणजे तीन तास असे हवेत जे इथल्या माणसांनी केलेत. सिनेमाची गाणी लावून वेळ काढावी तर त्यांचं हक्कशुल्क परवडत नाही. स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई आहे. मग उरतात माणसं. वसतिगृहातल्या खानावळीच्या मावशी, रात्रपाळीचे रखवालदार, भजनी मंडळ, पहिल्यांदाच घर सोडून आलेल्या मुली. आमच्या भिंतीवर आठवड्याचा तक्ता असायचा आणि त्यातल्या रिकाम्या चौकोनांकडे बघत आम्ही दिवस काढायचो. खरी कसोटी एप्रिलमध्ये. परीक्षा आली की निम्मी मंडळी गायब होतात आणि निकालानंतर तिसऱ्या वर्षाची कायमची जातात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या दोन महिन्यांचे कार्यक्रम करून ठेवायचे. याला आम्ही 'साठवण' म्हणायचो, आणि हळदीचा कार्यक्रम त्या साठवणीतला होता.

तर आबा. त्यांना "साधं बोला" म्हणून काही उपयोग नव्हता. मग ते गप्पच झाले. पहिल्या वर्षाला आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवलेली: माणसाला सांगायला लावू नकोस, करायला लाव. मी म्हटलं, "आबा, शिजली का नाही ते कसं बघायचं, मला करून दाखवा." त्यांनी पिंपातून एक गड्डा काढला, बारीक काडी घेतली आणि त्यात खुपसली. "जाईना बग अजून. लोण्यात गेल्यासारखी गेली पायजे." शेतकरी बांधव निघून गेले. त्यानंतर त्यांनी जेठा गड्डा, बगल गड्डा, सोरा गड्डा एकेक हातात घेऊन दाखवला, आच कमी-जास्त करणाऱ्या मुलाला दोनदा रागावले, आणि अंगणात पसरलेल्या वाळवणाकडे मला घेऊन गेले. तिथे त्यांनी मला जे हवं होतं ते दिलं. वासाच्या बदल्यात आवाज.

हळद वाळली की नाही हे कानानं कळतं. नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की धातूवर टिचकी मारल्यासारखा खणखणीत आवाज होतो. ओल राहिली असेल तर नुसतं कट्, दबकं. आबांनी आधी वाळवणातलं एक मोडलं, मग घरात जाऊन गेल्या साली ठेवलेलं आणलं आणि तेही मोडलं. "कळला फरक?" मी हो म्हणालो.

पुण्याला परत आल्यावर एक्केचाळीस मिनिटांचं नऊ मिनिटं करायचं होतं. संपादनाच्या टेबलावर माझ्यासोबत रत्नागिरीची एक मैत्रीण. तिनं "शिजायली" पाशी थांबवलं. म्हणाली, हे शिजायला ठेवली असं ऐकू येतंय, तू मध्ये निवेदनात 'शिजते आहे' असं सांग. तासभर आमचं यावरच चाललं. शेवटी आम्ही निवेदन टाकलं नाही. त्याऐवजी त्या वाक्याआधी पिंपाच्या उकळीचा आवाज सहा सेकंद तसाच ठेवला. उकळी ऐकल्यावर "शिजायली" चा अर्थ कोकणातल्या माणसालाही लागतो. मला वाटतं, लहान केंद्राचं मोठेपण या सहा सेकंदांत आहे. मोठ्या मुलखाला ऐकवायचं असतं तर तो शब्दच गेला असता.

बाकीचं काम हातांचं होतं. भ आणि फ च्या वेळी माइकवर आदळलेली हवा बारीक करायची, श्वास सगळे काढायचे नाहीत नाहीतर माणूस यंत्रासारखा वाटतो, आणि प्रत्येक कापलेल्या जागी अंगणातली शांतता भरायची. अंगणाची शांतता खोलीच्या शांततेपेक्षा वेगळी असते. म्हणून मी येताना ती दोन मिनिटं वेगळी रेकॉर्ड करून आणलेली. कार्यक्रम लागला एप्रिलमध्ये, एका बुधवारी संध्याकाळी.

नरसीत तो कुणालाच ऐकू गेला नाही, जाणारही नव्हता. उद्या हिंगोलीत असं केंद्र उभं राहिलं तरी आमचं गाव त्या दहा किलोमीटरच्या वर्तुळाबाहेरच राहील. हे मला मनापासून खुपतं. नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं हे गाव. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि पंजाबातून भाविक इथे येतात. आषाढीनंतरच्या परतवारी एकादशीला कयाधूकाठी माणसांचा पूर येतो. तेव्हा सांगण्यासारखं, ऐकण्यासारखं किती असतं! शंभर वॉट आणि तीस मीटरचा एक खांब इथे पुरेसा होईल. आजूबाजूच्या गावांना एकमेकांची हळद, एकमेकांचं भजन ऐकू येईल. चालवायला पोरं लागतील, ती शाळा-कॉलेजांत आहेत.

मे महिन्यात गावी आलो तेव्हा फोनवरच कार्यक्रम आबांना ऐकवला. ओसरीवर पाच-सहा माणसं होती. स्वतःचा आवाज ऐकून आबा हलले नाहीत. डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत राहिले. हळकुंडाच्या आवाजाशी मात्र त्यांनी हात वर केला.

"थांबव. मागं घे."

मी मागे घेतलं. पुन्हा ऐकलं.

"वाळल्यालं म्हणून हे लावलंस? हे तर अंगणातलं हाय. ओलं हाय ते."

मला आठवलं. अंगणात मोबाइल अगदी जवळ धरला होता, म्हणून तो आवाज मोठा आणि स्वच्छ आला होता. घरातल्या हळकुंडाच्या वेळी मी दोन हात लांब होतो. संपादन करताना आम्ही मोठा आवाज खणखणीत समजून वाळलेल्याच्या जागी बसवला, आणि तसाच प्रसारित केला. पुण्यात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आबा उठून आत गेले आणि मूठभर हळकुंडं घेऊन आले. एक निवडलं, बोटांनी चाचपलं. मी ओसरीवरच्या माणसांना गप्प राहायला सांगितलं आणि मोबाइल त्यांच्या हातांजवळ नेला.